आपला तीर, आपल्या हातचा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजन समितीने मला वीस मिनिटं दिली आहेत. सोबत दोन अटी घातल्या. एक, राजकारण नको. दोन, शाळेच्या आठवणी सगळेच सांगणार आहेत, तेव्हा तू तुझ्या कामाचं काहीतरी सांग. माझं काम तुम्हाला माहीत आहे. मी आश्रमशाळेत खेळाचा शिक्षक आहे आणि गेली काही वर्षं मुलांना धनुर्विद्या शिकवतो. म्हणून आज विषय घेतलाय तो असा : घरच्या घरी तीर कसा करायचा, सुरुवात कुठून करायची, आणि ती का करायची.

समोर बघतो तर कोणी शिक्षक आहे, कोणी तलाठी, कोणी परिचारिका, कोणी सुरत-अंकलेश्वरच्या कारखान्यातून रात्रीची गाडी पकडून आलाय. यातल्या निम्म्या लोकांच्या घरी आढ्याला किंवा कुडाला अजून एक कामठी टांगलेली असेल, आणि तिच्यासोबतचे तीर मात्र कधीचे मोडले असतील. हे भाषण मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

कालच आपला एक पोलिस दलातला वर्गमित्र मला म्हणाला, ‘अरे, परदेशात लोक बंदुकीच्या गोळ्यासुद्धा घरी भरतात म्हणे. तू तिरांचं काय घेऊन बसलास?’ प्रश्न चांगला आहे, म्हणून आधी तोच घेतो. काडतुसाचे चार भाग असतात : पितळी पुंगळी, तिच्या बुडाची टोपी, आतली दारू आणि पुढची गोळी. गोळी उडाली की पुंगळी शिल्लक राहते. अमेरिकेसारख्या देशांत नेमबाज आणि शिकारी ती जपून ठेवतात, जुनी टोपी काढून नवी बसवतात, दारू काट्यावर तोलून भरतात आणि वर नवी गोळी दाबतात. आपल्याकडे तसं नाही. १९५९ चा शस्त्र अधिनियम आहे, आणि परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं हा गुन्हा आहे. त्यामुळे तो विषय आपल्यासाठी तिथेच संपतो.

पण त्यातली एक गोष्ट घेण्यासारखी आहे. ती माणसं एवढा खटाटोप करतात तो फक्त पैसे वाचवायला नाही. त्यांना प्रत्येक काडतूस अगदी एकसारखं हवं असतं. काल मारलेली गोळी आणि आज मारलेली गोळी यांत फरक पडला तर तो नेमबाजाच्या हाताचा असावा, काडतुसाचा नसावा, एवढाच त्यांचा हट्ट. तिराचंही नेमकं हेच आहे. आणि एक गंमत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या प्रकारात जी बारीक काडतुसं लागतात त्यांचा स्फोटक मसाला पुंगळीच्या काठातच असतो, त्यामुळे ती व्यवहारात पुन्हा भरता येत नाहीत. म्हणजे नेमबाज केवढाही मोठा असो, त्याला काडतूस विकतच घ्यावं लागतं. तिरंदाजाचं तसं नाही. तो आपला तीर आपण करू शकतो.

आता ‘का’ करायचा, ते सांगतो.

माझ्याकडे एक मुलगी होती. नाव सांगत नाही. सातवीत होती, आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे. हात इतका स्थिर की मी स्वतः बघत राहायचो. एका स्पर्धेत तिच्याकडे मोजून सहा तीर होते, तेही दोघींत मिळून. सकाळच्या फेऱ्यांत दोन मोडले. उरलेले चार घेऊन ती रेषेवर गेली, आणि प्रत्येक फेरीत दोन बाणांचे गुण नुसते शून्य लिहिले गेले. मारलेल्या बाणांचे गुण तिचे सर्वांत चांगले होते. बेरीज मात्र खालून तिसरी आली. परत येताना गाडीत ती काही बोलली नाही. पुढच्या वर्षी ती शाळेत आलीच नाही.

यात दोष कोणाचा, हे मला आज सांगायचं नाही. मला हिशेब सांगायचा आहे. कार्बनच्या चांगल्या बारा तिरांचा संच घ्यायचा तर ऊसतोड मजुराची महिन्याची कमाई जाते. तीर ही मोडणारी, हरवणारी वस्तू आहे. शिकणारा मूल तर जास्तच मोडणार. म्हणजे आपल्या पोरांचा खेळ थांबतो तो नजर कमी पडते म्हणून नाही, हात कमी पडतो म्हणूनही नाही. भाता रिकामा होतो म्हणून थांबतो. आणि हे कुठे? तर ज्यांच्या आजोबांनी आयुष्यात एकही तीर विकत घेतला नाही, त्या गावात!

आपल्या मुलुखाबद्दल मी तुम्हाला काय सांगणार? काठी हे जुन्या खानदेशातल्या मेवासी संस्थानांपैकी एक. इथली राजवाडी होळी बघायला आता लांबून लोक येतात. एवढा उंच बांबू आणायचा, माणसांच्या बळावर उभा करायचा, रात्रभर ढोल वाजवायचे आणि पहाटे होळी पेटवायची. कमरेला दुधीभोपळे आणि घुंगरू बांधलेले बावा-बुध्या नाचतात, तेव्हा कित्येकांच्या हातांत तीरकामठा असतो. इंग्रजांच्या काळातल्या नोंदींमध्ये भिलांच्या धनुष्याचं वर्णन आहे. धनुष्य बांबूचं आणि त्याची दोरीसुद्धा बांबूच्याच चिवट सालीच्या पट्टीची! साहेबाला त्याचं नवल वाटलं म्हणून त्याने लिहून ठेवलं. आपल्याला त्यात नवल वाटत नव्हतं, म्हणून आपण कधीच लिहिलं नाही. आता अडचण ही झाली आहे की लिहिलेलं नाही आणि करणारे म्हातारे होत चालले आहेत. माझ्या पाड्यावर मी लहान असताना तीन घरांत तीर व्हायचे. आज एका घरात होतात. त्या आजोबांना डोळ्यांनी नीट दिसत नाही. ते काडी बोटांत फिरवतात आणि सांगतात, ‘ही इथे वाकडी आहे.’ मी मोजपट्टी लावून बघतो, तर ती तिथेच वाकडी असते.

तर आता कामाला लागू. ज्याला सुरुवात करायची आहे त्याने कागद-पेन्सिल घेतली तरी चालेल. बाई, तुम्ही शिकवायचात तसंच क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट लांबीची. मुलाला दोन्ही हात आडवे पसरून उभं करा. एका हाताच्या मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या टोकापर्यंत मोजा आणि अडीचने भागा. दीडशे सेंटिमीटर आले तर साठ. ही साधारण त्याची ओढ, म्हणजे दोरी जिथवर मागे येते ते अंतर. तीर त्याहून चार-पाच सेंटिमीटर लांब ठेवा. शिकणाऱ्याचा तीर आखूड असता कामा नये. ओढताना टोक धनुष्याच्या आत आलं की ते हातात घुसतं.

दुसरी गोष्ट काडीची. आपल्या सातपुड्यात भरीव मानवेल बांबू आहे, त्याच्यासारखा दुसरा माल नाही. तीन वर्षांहून जुना बांबू घ्या. कोवळा बांबू वाळला की आकसतो आणि वाकतो. पावसाळा संपल्यावर, थंडीत तोडा. तेव्हा त्यात पिठूळ अंश कमी असतो, त्यामुळे भुंगा कमी लागतो. जुनी माणसं तोडलेला बांबू वाहत्या पाण्यात काही दिवस बुडवून ठेवायची, त्याचं कारण तेच. मग सावलीत वाळवायचा. उन्हात टाकलात तर तडकतो. वाळला की त्याच्या पट्ट्या चिराव्यात. बाहेरच्या सालीकडचा भाग ठेवायचा, कारण सगळी ताकद तिथे असते. सुरीने आणि रंध्याने आधी चौकोनी, मग आठ कोनी, मग गोल. शेवटी काचेच्या तुकड्याने तासून पॉलिश पेपर मारायचा.

तिसरी गोष्ट, काडी सरळ करणं. इथे घाई केली की काम बिघडतं. निखाऱ्यावर, ज्वाळेवर नव्हे, काडी फिरवत गरम करायची. हाताला चटका बसेल इतकी तापली की वाकडेपणाच्या उलट दिशेला हळूच वाकवायची आणि थंड होईपर्यंत तशीच धरायची. सोडायची नाही. थंड झाल्यावर बांबू तो आकार लक्षात ठेवतो. मग एका डोळ्याने काडीवरून बघा. पाटीवर किंवा काचेवर गडगडवा. सरळ काडी गुपचूप गडगडते, वाकडी टकटक वाजते.

चौथी गोष्ट ताठपणाची, आणि सगळ्यांत जास्त लोक इथेच चुकतात. सुटलेला तीर सरळ जातो असं आपल्याला वाटतं. तो सरळ जात नाही. दोरीचा धक्का मागून बसतो, टोक जड असल्यामुळे मागे राहू बघतं, आणि काडी मधे वाकते. माशाने पाण्यात शेपूट हलवत जावं तसा तीर धनुष्याला वळसा घालून पुढे जातो आणि मग सरळ होतो. सेकंदाला हजारो चित्रं टिपणाऱ्या कॅमेऱ्यात हे स्पष्ट दिसतं. काडी फार ताठ असेल तर उजव्या हाताने मारणाऱ्याचा तीर डावीकडे जातो, फार लवचीक असेल तर उजवीकडे. मुलगा बिचारा आपला नेम दुरुस्त करत बसतो आणि दोष असतो काडीत.

ताठपणा मोजायला यंत्र लागत नाही. भिंतीवर किंवा फळीवर दोन खिळे ठोका, बरोबर २६ इंच अंतरावर. त्यांवर काडी आडवी ठेवा. मधोमध दोन पौंडांचं, म्हणजे साधारण ९०० ग्रॅमचं वजन टांगा. काडी किती इंच खाली वाकली ते मोजा आणि २६ ला त्या आकड्याने भागा. एक इंच वाकली तर उत्तर २६. अर्धा इंच वाकली तर ५२. लाकडी तिरांसाठी जगभर हीच पद्धत वापरतात. हे उत्तर म्हणजे त्या काडीला साधारण किती पौंड ओढीचं धनुष्य मानवेल ते. तुमच्या धनुष्याची ओढ बाजारातल्या टांगत्या तराजूने मोजता येते. ३० पौंडांचं धनुष्य असेल तर काडी सुमारे २२ मिलिमीटर वाकली पाहिजे. गणिताचे सर इथे बसले आहेत. सर, भागाकार शेवटी कामाला आला बरं का!

पाचवी गोष्ट वजनाची. जगभरात तिराचं वजन ग्रेनमध्ये सांगतात. काडतुसातली दारूही ग्रेनमध्येच तोलतात. ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा. एका ग्रॅममध्ये साधारण साडेपंधरा ग्रेन बसतात. आपल्याकडे सोनाराची गुंज होती, कुंपणावरच्या वेलीची तीच लालकाळी बी. एका तोळ्याला ९६ गुंजा. म्हणजे त्यांनी दाणा घेतला, आपण गुंज घेतली, अक्कल दोघांची एकच. बांबूच्या धनुष्याला पौंडामागे नऊ-दहा ग्रेन वजनाचा तीर चांगला. ३० पौंडांच्या धनुष्याला ३०० ग्रेन, म्हणजे साडेएकोणीस ग्रॅमच्या आसपास, सोनाराच्या हिशेबात १६० गुंजा. फार हलका तीर लांब जातो म्हणून मुलांना आवडतो. पण हलक्या तिराने धनुष्याची सगळी शक्ती तिरात जात नाही, ती धनुष्यातच उलटते आणि बांबू फुटतो. बिनतिराची दोरी ओढून सोडू नये असं जुनी माणसं ओरडून सांगायची, त्याचंही कारण हेच.

सहावी गोष्ट खाच. मागच्या टोकाला दोरी बसायची खाच पेराच्या लगेच मागे येईल अशी ठेवा, म्हणजे चिरत गेलेला बांबू पेरापाशी थांबेल. खाचेच्या खाली सुती दोरा घट्ट गुंडाळून वर लाख किंवा चांगला गोंद लावा. हे केल्याशिवाय एकही तीर दोरीवर चढवायचा नाही.

सातवी गोष्ट पिसं. तीन पिसं, सारख्या अंतरावर, बोटाएवढ्या लांबीची. एका तिराची तिन्ही पिसं एकाच बाजूच्या पंखातली पाहिजेत, सगळी डाव्या पंखाची किंवा सगळी उजव्या. पिसाला नैसर्गिक बाक असतो. त्या बाकामुळे तीर स्वतःभोवती फिरतो आणि स्थिर राहतो. डावं-उजवं मिसळलंत तर एक पीस एकीकडे फिरवणार, दुसरं दुसरीकडे. आपल्या समाजासारखंच झालं ते! पिसाचं पुढचं टोक दोऱ्याने बांधायला विसरू नका. उचललेलं पीस सुटताना धनुष्य धरलेल्या हाताची कातडी कापत जातं.

पिसं कोणाची घ्यायची? घरच्या कोंबड्याच्या पंखातली, बदकाची, मिळाली तर टर्कीची. रानातल्या पक्ष्याला हात लावायचा नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. आपण तीर करतोय तो नेमासाठी, शिकारीसाठी नाही. म्हणून टोकही लोखंडी पात्याचं नको. बाजारात पितळी किंवा पोलादी बोथट टोकं मिळतात, एवढी एकच वस्तू विकत घ्या. ती गरम लाखेने बसवा, म्हणजे तीर मोडला तरी टोक गरम करून काढता येतं आणि पुढच्या तिराला लागतं. टोक बसल्यावर तीर बोटावर तोला. तोल मध्यावर नव्हे, मध्याच्या पुढे आला पाहिजे. ६५ सेंटिमीटरच्या तिरात साधारण सहा-सात सेंटिमीटर पुढे.

आठवी आणि शेवटची गोष्ट वही. सहा तीर हवे असतील तर बारा करा आणि त्यांतले एकमेकांशी जुळणारे सहा निवडा. प्रत्येकावर आकडा घाला. कोणता तीर कुठे लागला ते रोज लिहा. तीन नंबरचा तीर आठवडाभर उजवीकडेच जातोय असं वहीत दिसलं, की मुलगा स्वतः म्हणतो, ‘सर, माझा हात नाही, काडी नरम आहे.’ ज्या दिवशी तो हे म्हणतो त्या दिवशी तो तिरंदाज झाला असं मी धरतो. मग तो ती काडी पुन्हा खिळ्यांवर ठेवतो, वजन टांगतो आणि खात्री करतो. याला तुम्ही विज्ञान म्हणा, नाहीतर आजोबांची बोटं म्हणा.

सुरक्षिततेचं दोन वाक्यांत सांगतो, पण ती दोन वाक्यं सगळ्यांत महत्त्वाची आहेत. प्रत्येक वेळी मारण्याआधी तीर बोटांत फिरवून किंचित वाकवून बघा. तडा दिसला किंवा कर्र आवाज आला तर तो तिथेच मोडून टाका, कारण तडकलेला तीर म्हणजे तुमच्याच हातात घुसणारी चीप आहे. आणि निशाणा म्हणून भाताच्या पेंढ्याचा घट्ट बांधलेला गठ्ठा घ्या, त्याच्या मागे मातीचा बांध असू द्या, आणि सगळे तीर मारून होईपर्यंत रेषेच्या पुढे कोणीही जायचं नाही. स्पर्धेत यासाठी शिट्ट्या असतात. दोन वाजल्या की रेषेवर या, एक वाजली की मारा, तीन वाजल्या की तीर आणायला जा. माझ्या मैदानावर पहिलीतलं पोरही तीन शिट्ट्यांशिवाय हलत नाही.

आता कोणी म्हणेल, सर, बांबूच्या तिराने ऑलिंपिक जिंकता येतं का? नाही. खोटं कशाला बोलू? सत्तर मीटरवरच्या निशाण्यात दहा गुणांचं वर्तुळ फक्त १२.२ सेंटिमीटरचं असतं. तिथे कार्बनच लागतो. आपल्या महाराष्ट्रातल्या साताऱ्याच्या अदिती स्वामीने आणि नागपूरच्या ओजस देवतळेने २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक विजेतेपद मिळवलं, तेव्हा अदिती १७ वर्षांची होती. त्यांच्या हातात आजची सगळी साधनं होती. पण तिथवर जाणारी वाट कुठून सुरू होते ते बघा. राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यातला लिंबाराम बांबूच्या धनुष्यावर वाढला. तीन ऑलिंपिक खेळला.  २०१२ मध्ये त्याला पद्मश्री मिळाली. तो आदिवासी घरातला होता आणि त्याचा पहिला तीर दुकानातला नव्हता. आपल्या देशातल्या स्पर्धांत बांबूच्या धनुष्याचा भारतीय प्रकार आजही वेगळा खेळवला जातो. आपल्या मुलांना पहिली पायरी तिथे आहे. आणि राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, हेही पालकांना सांगायला हरकत नाही. आईबापाला नेमाचं कौतुक असतंच, पण उद्याची भाकरीही दिसावी लागते.

बांबूबद्दलही एक सांगतो, कारण हा प्रश्न मला नेहमी विचारतात. २०१७ मध्ये वन कायद्यात बदल झाला आणि झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला. त्यामुळे आपल्या शेताच्या बांधावर लावलेला बांबू तोडायला आता पूर्वीची आडकाठी नाही. आणि २००६ च्या वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपजात धरला आहे, तो ग्रामसभेच्या हक्काचा विषय आहे. म्हणजे कच्चा माल दारात, जाणकार गावात आणि कायदाही आडवा येत नाही. मग कमी काय आहे?

कमी आहे ती किंमत. पैशाची नव्हे, मानाची. आपण सगळे या शाळेत एकलव्याची गोष्ट शिकलो. गुरूने अंगठा मागितला आणि त्याने दिला. त्या तासाला आमच्यातले बरेच जण खाली मान घालून बसायचे. आज मी मुलांना तीच गोष्ट सांगतो आणि पुढे एक वाक्य जोडतो. ऑलिंपिकमध्ये जे धनुष्य वापरतात त्याची दोरी तीन बोटांनी ओढतात, तर्जनी, मधलं आणि अनामिका. अंगठा नुसता बाजूला असतो. मुलं आपापला अंगठा बघतात आणि हसतात. अंगठा गेला म्हणून विद्या गेली नव्हती. विद्या जाते ती शिकवणारा माणूस न विचारता मरून गेला की.

म्हणून या मेळाव्यापुढे माझी एक मागणी आहे. समितीने स्मरणिकेसाठी आणि जेवणासाठी वर्गणी गोळा केली, त्यातून काही रक्कम शिल्लक राहील असं खजिनदार म्हणाले. व्यासपीठाला आणखी एक फरशी बसवण्यापेक्षा शाळेच्या मागची पत्र्याची खोली तीर करण्यासाठी द्या. त्यात लागतं काय? दोन रंधे, चार सुऱ्या, एक शेगडी, दोन खिळे ठोकलेली एक फळी, ग्रॅम दाखवणारा एक काटा आणि बारा वह्या. एवढंच. आणि दर हिवाळ्यात पंधरा दिवस आपल्या पाड्यांवरचे जे दोन-तीन जाणते उरले आहेत त्यांना बोलवा. पाहुणे म्हणून नव्हे, शिक्षक म्हणून. हजेरीपटावर सही घ्या, सही येत नसेल तर अंगठा घ्या, आणि मानधन द्या. पाहुण्या व्याख्यात्याला आपण जेवढं देतो तेवढंच द्या.

ज्यांना मुलं आहेत त्यांनी सुट्टीत त्यांना गावी आणताना मोबाइल थोडा बाजूला ठेवायला सांगा आणि आजोबांसमोर बसवा. आजोबा काय करतात ते त्यांना लिहून घेऊ द्या, घरच्या बोलीत घेतलं तरी चालेल, मराठीत घेतलं तरी चालेल. बांबू कधी तोडला, किती दिवस भिजवला, कुठल्या झाडाचा डिंक लावला. साहेबाने एकदा बाहेरून बघून चार ओळी लिहिल्या. आतून बघून लिहायचं काम आपलं आहे आणि ते अजून झालेलं नाही.

मी ऊसतोडीच्या हंगामाआधी दरवर्षी एक यादी करतो. कोणत्या मुलाकडे किती तीर आहेत, त्याची. यंदाच्या यादीत एकवीस मुलं आहेत आणि सगळ्यांचे मिळून चौऱ्याऐंशी तीर, म्हणजे सरासरी प्रत्येकी चार. मला ही सरासरी बारावर न्यायची आहे. म्हणजे आणखी एकशे अडुसष्ट तीर हवेत. एक माणूस निवांतपणे दिवसाला दोन चांगले तीर करू शकतो. आज या मांडवात शंभराहून अधिक माणसं बसली आहेत. भागाकार तुम्हीच करा.

मी वाळवलेल्या पट्ट्या, सुऱ्या आणि निखाऱ्यासाठी कोळसा आणला आहे. जेवणानंतर आंब्याखाली बसणार आहे. ज्याला यायचं त्याने यावं. सर, बाई, तुम्हीही या. इतकी वर्षं तुम्ही आम्हाला शिकवलंत, आज अर्धा तास आमच्याकडून शिका.